लिंबू, अ‍ॅम्बॅसिडर आणि दाजींची फियाट

"आवं पाव्हणं, दोरी नगा वडू! आदी लिंबू ठिवा चाकाखाली!"

फियाटच्या खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळत दाजी असे ओरडले की आमची सगळी भावकी कुंपणाशी गोळा झाली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार माधवनगर. त्यांच्या फियाटच्या मागं जाड दोरीनं माझी अ‍ॅम्बॅसिडर बांधलेली होती.

दसऱ्याला पूजा झाली की गाडीनं चाकाखालचं लिंबू चिरडत पुढं जायचं असतं. यंदा आमच्याकडं त्या लिंबावरच सगळं ठरणार होतं. मुलगा फौजेत, तिकडं राजस्थानात. त्यानं नवी गाडी घेतलेली, दिवाळीला साताऱ्याला आणणार, आणि शेडात जागा एकाच गाडीची. फोनवर म्हणाला होता, "आप्पा, दसऱ्याला ती आपल्या पायानं भायेर आली तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर भंगारात."

आपल्या पायानं! कित्येक पावसाळ्यांत ती साधी खोकलीसुद्धा नव्हती. पिस्टनच्या रिंगा झिजून संपलेल्या, कार्बोरेटरात गांधीलमाशीनं संसार थाटलेला. तिची नाडी ओळखणारा शेवटचा मिस्त्री आता मोबाइलच्या काचा बदलतो.

म्हणून दाजींना बोलावलं. मदतीला आले, पण आमचा जुना खटला बरोबर घेऊनच.

"तुमची दीड लिटरची म्हस," गाडीतून उतरायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "माझी अकराशे सीसीची, पर अंगानं हलकी. पेट्रोलचा नुसता वास दिला तरी माधवनगरावनं फलटण गाठती."

"आन् माणसं बसवायची कुठं? टपावर? माझीतनं मेढ्याच्या चढाला आख्खं लेझीम पथक नेलंय. ढोल डिकीत, आन् ढोलवाला त्यावर बसून वाजवतोय."

यात तिळभर खोटं नाही. ढोलवाले दोन होते.

"चढाला पथक उतरून ढकलत हुतं, ते सांगा की!"

"चौदा फूट लांब हाय, दाजी. संस्थान हाय संस्थान."

"व्हय, आन् वळवायला शेजारचं संस्थान मागावं लागतंय."

गिअर दोघींचेही स्टिअरिंगलाच. तेवढ्या एका मुद्द्यावर आमचं एकमत होतं. बाकी फरक एवढाच उरला होता, की त्यांची चालत होती आणि माझी चालत नव्हती. ते मात्र दाजी एकदाही बोलले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

युक्ती त्यांचीच. बायकोनं मुलाला व्हिडिओ कॉल लावायचा आणि कॅमेरा नुसत्या पुढच्या चाकावर धरायचा. दोरी दिसायची नाही, फियाट दिसायची नाही.

"सणासुदीला पोराला फसवायला लावताय," बायको म्हणाली. पण फोन धरून बसली.

मी स्टिअरिंगवर बसलो. दाजींनी फियाट चालू केली, दोरी ताणली गेली, आणि माझी म्हातारी कण्हत कण्हत हलली. फट्! लिंबू फुटलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून क्षणभर मलाही वाटलं, हीच चालतेय. मी क्लच दाबून दुसरा गिअरसुद्धा टाकला. शप्पथ.

उन्हात आल्यावर मात्र तिच्याकडं बघवेना. शेडातल्या अंधारानं झाकलेलं सगळं उघडं पडलं. दाराखालचा पत्रा पापडासारखा झडत होता. दाजींनी फियाट बंद केली आणि फत्ते झाल्यासारखा अंगठा वर केला.

मी बायकोच्या हातातून फोन ओढून घेतला. "बगितलंस न्हवं? लिंबाचा पार चोथा! कशी आली सांग, रुबाबात!"

मुलगा म्हणाला, "आप्पा, इंजन फियाटचं वाजत हुतं. भंगारवाल्याला उद्याचं सांगतो."