सागाच्या पानाची जाळी

गोंदणाला तुम्ही रानटी म्हणता, ते कोणत्या अधिकारानं? परवा अळीनं जाळी केलेलं सागाचं पान हाती आलं आणि झरी गावाकडच्या बाजारातली एक आजी आठवली. तिच्या हातावरची गोंदलेली नक्षी गावात दुसऱ्या कुणाकडेच उरली नव्हती. नातीनं ती गोंदून घ्यावी, एवढाच तिचा हट्ट. गोंदणाऱ्याच्या मशीनपुढे बसलेली नात म्हणाली, "मले फुलपाखरू पायजे. हे तं मच्छरदानीवानी दिसते!" आजीनं शेजारच्या सागाखालचं तसलंच पान उचलून आपल्या मनगटावर ठेवलं. "हे पान पाय, पोरी. अळीनं सारं खाल्लं, शिरा नाही खाता आल्या. माह्या आजीच्या आजीनं हेच पाहून काढलं." पानाची शीर न् शीर कातडीवरच्या रेषेशी जुळत होती. नातीनं हात पुढे केला, "हेच काढ, भाऊ." तुमच्या गावात असा शेवटचा हात असेल, तर त्या बाईला विचारून आजच ती नक्षी कागदावर उतरवा आणि खाली तिचं नाव लिहा.