चीर न दिलेल्या मिरच्या
वड्यांबरोबर तळायच्या मिरच्यांना चीर देताना मला अमेरिकेतल्या ॲन आर्बरचं ते स्वयंपाकघर हटकून आठवतं. ऐंशीच्या दशकात मी तिथे शिकत होतो. घरमालक व्हिएतनाममध्ये लढलेला. युद्धाच्या आठवणी लिहायचा आणि टाइप केलेली पानं मला वाचायला द्यायचा. एका दुपारी वडे तळता तळता मी त्याला तोंडावर म्हणालो, “तुम्ही गावं जाळलीत. हे शौर्य नाही, खून आहेत.” माझा रूममेट सुभेदाराचा मुलगा, तो उसळला, “समोरून गोळ्या येताना काय विचार करत बसायचं, यार?” मालक टेबलाशी बसून आपली पानं चाळत होता. रागाच्या भरात मी मूठभर मिरच्या चीर न देताच कढईत टाकल्या. त्या फाडफाड फुटल्या, आणि त्या धिप्पाड माणसानं झेप घेऊन मला फरशीवर आपटलं. दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. हा आता माझा जीव घेणार, असं वाटलं. पण तो माझ्यावर पालथा पडून ओरडत होता, “डोकं वर काढू नकोस!” झटापटीत कलंडलेल्या कढईतलं तेल त्याच्या पाठीवर सांडलं, तरी तो हलला नाही. त्यानं केले ते खूनच, असं मी आजही म्हणतो. पण ज्या तोंडानं म्हणतो, ते त्याच्या पाठीमुळे भाजायचं वाचलं.