बेटावर राहिलेली ओटी

मंगळवारी सकाळी साडेदहाला शाळेच्या ग्रंथालयात मला फोन आला. सुनंदा स्वयंपाकघरात पडली होती. शेजाऱ्यांनी रुग्णवाहिका बोलावली होती. मी रुग्णालयात पोचलो तेव्हा बारा वाजले होते. डॉक्टरांनी सांगितले की माझी पत्नी गेली.

ऊद मेथातल्या एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. दुबईत आम्हाला सव्वीस वर्षे झाली होती. देवावर माझा विश्वास नव्हता असे नाही. मी देवाविषयी वाचत असे. पूजा सुनंदा करायची आणि त्या पूजेचा अर्थ मी तिला सांगायचो. ती ऐकून घ्यायची. तिच्या ऐकून घेण्याला मी सहमती समजत आलो, हे ती गेल्यावर माझ्या ध्यानात आले.

तेराव्यानंतर आमची मुलगी मुक्ता कपाट आवरत होती. ती अबू धाबीला नोकरी करते. साड्यांच्या मागून तिने एक कापडी पिशवी काढली. आत हिरवा खण, हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकवाची डबी होती. "बाबा, this is all new. कोणाला द्यायचंय का?" तिने विचारले. मी म्हणालो, ठेव तिथेच. तिने पिशवी साड्यांमागे परत ठेवली. ती पिशवी चीनला जाऊन आली होती, आणि जशी गेली तशीच परत आली होती. ती तशी परत येण्याला मी कारण होतो.

सुनंदा जाण्याच्या सहा महिने आधी, शाळेच्या वसंतातल्या सुट्टीत, आम्ही एका सहलीबरोबर हायनानला गेलो होतो. हे चीनच्या दक्षिणेचे बेट. नारळी-पोफळी, दमट हवा, फणस, रस्त्याकडेला शहाळ्यांचे ढीग. सुनंदा गुहागरची. विमानतळाबाहेर आल्याबरोबर तिने लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "अहो, इतका खर्च करून तुम्ही मला माहेरीच आणलंत की!" मी हसलो, पण माझे लक्ष वहीत होते. कुठल्या दिवशी काय बघायचे, कुठे किती वेळ द्यायचा, त्या जागेचा इतिहास काय, हे सगळे मी महिनाभर वाचून त्या वहीत उतरवले होते. तिची मागणी एकच होती. तिथे समुद्रात एक देवी उभी आहे, पांढरी, तीन तोंडांची, डोंगराएवढी. तिचे छायाचित्र तिने पाहिले होते. त्या देवीची ओटी भरायची. खण-बांगड्या इथून न्यायच्या आणि तांदूळ-नारळ तिथे घ्यायचे.

या मागणीवर मी तिला विमानात व्याख्यान दिले. ही आपल्या अर्थाने देवी नव्हे, हा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. मुळात पुरुषरूप. चीनमध्ये गेल्यावर काही शतकांनी त्याला स्त्रीरूप आले. त्याची ओटी भरणे हास्यास्पद होईल, असेही मी म्हणालो.

"आता बाईच्या रूपात उभी आहे ना?" सुनंदा म्हणाली. "मग झालं. बाई झाल्यावर कोणी ओटी भरली नसेल बिचारीची."

पुढच्या ओळीतले गृहस्थ हसले. मला ते आवडले नाही.

त्या आठ दिवसांत मी खूप पाहिले असे मला तेव्हा वाटत होते. समुद्रकाठी प्रचंड शिळा आहेत. त्यांवर लाल अक्षरांत आकाशाचा शेवट, समुद्राचा कोपरा, असे कोरले आहे. जुन्या काळी दरबाराची मर्जी गेलेल्या अधिकाऱ्यांना या बेटावर पाठवून देत, हे मी तिला तिथे उभ्या उभ्या सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखेच. एकदा पाठवलं की राहिले तिथंच." मग ली जमातीच्या गावात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या बाया जमिनीवर बसून, पायांनी माग ताणून कापड विणतात. मी भिंतीवरचा फलक वाचत होतो. मागे हसण्याचा आवाज आला म्हणून वळलो, तर सुनंदा एका विणकरणीशेजारी मांडी घालून बसली होती आणि दोघींच्या तोंडात पान-सुपारी होती. एकीला दुसरीचे अक्षरही कळत नव्हते. एकमेकींच्या कपड्यांचे काठ चिमटीत धरून दोघी काहीतरी बोलत होत्या. मी सुनंदाला घड्याळ दाखवले.

सहाव्या दिवशी देवीचे स्थान होते. सकाळी वाटेत सुनंदाने नारळ घेतला. विकणारी बाई तो पूर्ण तासायला लागली तेव्हा हिने तिचा हात धरला, स्वतःची वेणी वर उचलून दाखवली आणि नारळाच्या टोकाकडे बोट केले. शेंडी ठेव. ती बाई इतकी हसली की तिने कोयता खाली ठेवला. मग तिने शेंडी ठेवून नारळ सोलून दिला. सुनंदाने तो लहान मुलासारखा कडेवर घेतला.

मूर्तीकडे जायच्या वाटेवर मोठमोठी दालने आहेत, बागा आहेत, शिलालेख आहेत. मी प्रत्येक ठिकाणी थांबलो. तिने दोनदा म्हटले, "अहो, आधी तिकडे जाऊन येऊ या का?" मी म्हणालो, क्रमाने जाऊ. शेवटी समुद्रातल्या चौथऱ्याकडे नेणाऱ्या पुलाशी पोचलो, तेव्हा आमचा वाटाड्या झेंडा हलवत सगळ्यांना बसकडे बोलावत होता. अर्धा तास मागून घेता आला असता. आमच्याच गटातल्या एका कुटुंबाने आदल्या दिवशी खरेदीसाठी तासभर मागून घेतला होता. पण ओटी भरायला वेळ हवा, हे मला चारचौघांत सांगायचे नव्हते. मी सुनंदाला म्हणालो, "आता राहू दे. पुढच्या वेळी."

ती म्हणाली, "बरं."

पुलाच्या अलीकडूनच तिने हात जोडले. शेंडीचा नारळ हॉटेलच्या खोलीत राहिला.

ती गेल्यावर हिवाळाभर मी तो "बरं" ऐकत होतो. पुस्तक उघडले की पानावर तोच असे. जानेवारीत मी पुन्हा हायनानचे तिकीट काढले. मुक्ता फोनवर रागावली. "एकटे का जाताय, बाबा? Eid पर्यंत थांबा, I'll come with you." पण मला शाळेच्या सुट्टीतच जाता येणार होते, आणि खरे सांगायचे तर थांबण्याची भीती वाटत होती. पुढच्या वेळी, हे शब्द मी एकदा उच्चारले होते.

निघायच्या दोन दिवस आधी मी बर दुबई भागातल्या जुन्या देवळाच्या गल्लीत गेलो. सुनंदा ज्या शालनताईकडून फुले घेत असे, तिला विचारायचे होते की ओटीत आणखी काही लागते का. शालनताई सोलापूरकडची, बोलायला मोकळी. तिने पिशवीतले सामान पाहिले, खण परत नीट घडी करून ठेवला आणि विचारले, "भरणार कोण?"

"मी."

"काका, तुम्ही?" तिचे हात गजऱ्यावर थांबले. "खलास! ओटी बाईमाणसानं भरायची असते. इथं देवळात ताट गुरुजींच्या हातात दिलं असतं तरी चाललं असतं. तिथं कुठले आलेत गुरुजी?"

आयुष्यभर मी सणांच्या मुळांविषयी वाचत आलो होतो, आणि घरात अठ्ठावीस वर्षे जे डोळ्यांसमोर होत होते त्यातली ही साधी गोष्ट तिकीट काढताना मला सुचली नव्हती. माझा चेहरा पाहून शालनताईला दया आली असावी. गजरा पुडीत बांधत ती म्हणाली, "जावा तुम्ही. भेटंल कोणतरी, इन्शाल्ला." मग स्वतःच हसली. "बघा, देवीच्या कामाला मी काय म्हणाले! इथं राहून जिभेला सवय झाली."

मी गेलो. या वेळी वही नव्हती. नारळ घेताना शेंडीची आठवण झाली तोवर विकणाऱ्याने तो गुळगुळीत करून माझ्या हातात दिला होता. तांदूळ एका दुकानातून घेतले. देवीच्या स्थानी पोचलो तर अफाट गर्दी होती. तो तिचा जन्मदिवस मानतात, हे मला तिथे गेल्यावर कळले. इतके वाचूनही ते मी पाहिले नव्हते. पूल ओलांडला. जोराचा वारा होता आणि मूर्तीच्या पायांपर्यंत नेणारी लिफ्ट त्यामुळे बंद ठेवली होती. खालच्या चौथऱ्यावर, जिथे लोक फळे-फुले ठेवत होते, तिथे कठड्याशी मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. वर मान करून पाहिले तर तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त वस्त्राच्या चुण्या. मी प्रार्थना केली नाही. मला एवढेच वाटले की माझ्या हातून हेही व्हायचे नाही, आणि आता काय करावे ते मला कळत नाही. असे मी स्वतःशी याआधी कधी कबूल केले नव्हते.

शेजारी एक वयस्क बाई बसली होती. काळा, विणलेल्या काठाचा घागऱ्यासारखा पोशाख. तिच्याबरोबरच्या बाया पुढे फळे ठेवायला गेल्या होत्या, ही मात्र रिकाम्या हातांनी बसली होती. माझ्या पिशवीतून खणाचे टोक बाहेर आले होते. तिने ते बोटांनी चाचपले, उलटी बाजू पाहिली, आणि स्वतःच्या पोशाखाचा काठ माझ्यापुढे धरला. मी मान हलवली. तिने मोबाईल काढला आणि मी इंडिया म्हणालो तेव्हा ती त्यात काही बोलली. मोबाईलमधून हिंदी आवाज आला: "यह कपड़ा किसका है?"

मी हिंदीत सांगितले की माझ्या बायकोने हे देवीसाठी आणले होते. ती वारली. हे बाईच्याच हाताने द्यायचे असते.

मोबाईलने तिला ते ऐकवले. तिने बायांना हाका मारल्या. चारपाच जणी आल्या आणि मोठमोठ्याने बोलू लागल्या. एकीने मला बाजूला सरकवले, दुसरीने बाटलीतले पाणी म्हातारीच्या हातांवर ओतले. एक जण गुळगुळीत नारळावरून हात फिरवून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मग म्हातारीने ओले हात माझ्यापुढे धरले. आता सांग.

मी सांगितले. चौथऱ्याच्या दगडाला हळद आधी, मग कुंकू, करंगळीशेजारच्या बोटाने. खणाची घडी अशी. त्यावर नारळ, बांगड्या. मग ओंजळीने तांदूळ. माझ्या हातांना हे माहीत होते याचे मलाच आश्चर्य वाटत होते. पण तांदूळ किती वेळा घालायचे, तीन की पाच, ते मला आठवेना. सुनंदा ओंजळ भरत असताना मी बहुतेक वर्तमानपत्राचे पान उलटत असे. म्हातारी थांबली होती. मी हात हलवून सांगितले, माहीत नाही. तिने तीनदा घातले आणि तीनदा वाकून नमस्कार केला. ती सवाष्ण होती की नव्हती, मी विचारले नाही.

निघताना तिने पुन्हा मोबाईल माझ्यापुढे धरला. तिचे अर्पणाचे सामान बसमध्ये राहिले होते आणि बस दूर कुठे उभी होती. घरात आजारपण होते, म्हणून ती नवस बोलायला आली होती. सकाळपासून ती इथे बसून देवीला म्हणत होती, की मी रिकाम्या हाताने आले, आता तूच काहीतरी कर. मोबाईलमधला आवाज हे सगळे सपाट सुरात सांगत होता. म्हातारी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटून बायांमागे निघून गेली. तिचे नाव मला माहीत नाही.

ती त्याच जागी का बसली होती, लिफ्ट त्याच दिवशी बंद का होती, याची कारणे असतील. वारा होता, गर्दी होती. मी ती शोधत नाही. माझ्याकडे सामान होते आणि हात नव्हते, तिच्याकडे हात होते आणि सामान नव्हते. कोणीतरी आम्हाला शेजारी बसवले. मी त्याला नमस्कार करतो. जे माझ्याने होत नव्हते ते मी सोडून दिले, तेव्हा ते झाले. त्याआधी आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट माझ्या क्रमाने व्हावी म्हणून धरून ठेवली होती.

पण यामुळे खंत गेली असे मी लिहिणार नाही. परत आल्यावर शालनताई म्हणाली, "काका, पोचलं काकूंना. आता मन मोकळं करा." मी मान डोलावली. पोचले असेल. पण ज्या बाईला स्वतःच्या हातांनी ते करायचे होते, ती तेव्हा पुलाशी उभी होती, मी तिच्याशेजारी होतो, आणि पूल पाच मिनिटांचा होता. देवीने मला क्षमा केली असावी असे वाटते. सुनंदाला विचारायची सोय नाही.

हल्ली मी मुक्ताकडे गेलो की ती जिथे म्हणेल तिथे आधी जातो. पूजा मी करतो. अर्थ कोणाला सांगत नाही. मंगळवारी शाळेतून अर्धा दिवस रजा घेतो आणि घरी येतो. बारा वाजता घरात मी असतो, आणि दुसरे कोणी नसते.