मुळा धरणात नांगर टाकताना

देवमासा आणि राहुरी तालुका हे एका वाक्यात वाचून ज्यांना हसू येतंय, त्यांनी आत्ताच हसून घ्या. मीही वर्षभर हसलो होतो. मला भुताखेतांचं वेड नाही. रस्त्यातला उतारा मी सरळ ओलांडून जातो आणि आमच्या विहिरीवरच्या आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवतांना, आई नारळ फोडते तेव्हा मी फक्त खोबरं खायला हजर असतो. ॲग्रीचा डिप्लोमा केलाय, मातीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय खताची गोणी फोडत नाही. तेव्हा 'याचं डोकं फिरलंय' अशी कमेंट कृपया करू नका... ते माझं मीच स्वतःला शंभर वेळा म्हणून झालंय.

जागा नीट सांगतो. मुळा धरणाचा फुगवटा, बारागाव नांदूरच्या बाजूनं पाण्यात साधारण अर्धा किलोमीटर आत. तिथं आमचे मासे पाळायचे पिंजरे आहेत, म्हणजे प्लास्टिकच्या पिंपांवर तरंगणारी चौकोनी जाळी. काठावर पत्र्याची खोली, तिथं नाना राखण करतात. नाना म्हणजे साठीचे गृहस्थ, चार शेळ्या, तोंडात कायम तंबाखू. पिंजऱ्यांपर्यंत जायला फायबरची छोटी होडी आणि तिला मागं मशीन. बस, एवढंच.

हे पिंजरे मी आणि माझे दाजी मिळून बघायचो. दाजी मालवणकडचे, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावरचे. ताई पुण्यात नर्स होती तेव्हा दोघांचं जमलं. आमच्याकडं पाव्हण्याला आधी विचारतात, जमीन किती? याच्याकडं गुंठासुद्धा नाही! मला हा माणूस पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर नको होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला आमच्याच घरी ठेवून घेतलं आणि माझ्याच धंद्यात घातलं. मग तर विचारूच नका.

पहिल्या दिवशी होडीतून दाजींनी हाक मारली, "सुनील, नांगर आण." तिकडं नांगर म्हणजे होडी थांबवायला पाण्यात टाकतात तो, चार नख्यांचा लोखंडी. मला कळलं होतं. तरी मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "आनतो की दाजी, बैल पन आनू का?" नानांना हसता हसता तंबाखूचा ठसका लागला. दाजी पण हसले, थोडंसं.

पण खरी करमणूक पुढं होती. हा माणूस नांगर टाकायच्या आधी मशीन बंद करायचा आणि चारी बाजूंचं पाणी बघत बसायचा, चांगली तीन-चार मिनिटं. मग वल्ह्याच्या मुठीनं होडीच्या फळीवर तीनदा ठोकायचा... ठक, ठक, ठक. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "देवमाशाक कळाक व्हया, आपण खंय आसंव ता." म्हणजे देवमाशाला कळायला हवं, आपण कुठं आहोत ते. आमच्या धरणात! जिथं सगळ्यात मोठा मासा म्हणजे कटला!

त्यांचे नियमही होते. दोर कधी सैल ठेवायचा नाही, सैल दोर म्हणजे देवमाशाला फास आणि आपल्यालाही. दोराचा पीळ हाताला कधी घ्यायचा नाही. तो जवळ आला तर मशीनला हात लावायचा नाही, गप्प बसून त्याला जाऊ द्यायचं. आणि होडीच्या नाकाशी, दोराच्या कडीजवळ, ऊसतोडीचा कोयता कायम खोचलेला. "गाठ सोडायला वेळ मिळत नाही. तोडायला मिळतो," असं ते म्हणायचे. त्यांचा थोरला भाऊ असाच गेलेला. दोघं भाऊ नांगर टाकून उभे होते, दोर सैल होता, खालून देवमासा आला आणि दोरात अडकून निघाला. होडी नाकावर खाली गेली. भावाच्या हाताला पीळ होता. दाजी वाचले, आणि त्यानंतर त्यांनी दर्याला पाय लावला नाही.

हे सगळं त्यांनी मला एकदाच, विश्वासानं सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मीठमसाला लावून सांगितलं. तेव्हापासून दाजी टपरीत शिरले की कोणीतरी टेबलावर तीनदा टकटक करायचं आणि सगळे खिदळायचे. ती सवय लोकांना मी लावली.

आता त्या दिवसाचं. गेल्या वर्षीचा एप्रिल, भर दुपार. आदल्या दिवशी जेवताना आण्णा सगळ्यांसमोर मला म्हणाले, "दाजींकडून शीक जरा. पान्यात काम कसं करत्यात ते बघ." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरात, माझ्या ताटावर, मला या माणसाकडून शिकायचं? सकाळी काठावर गेल्या गेल्या मी होडीतला कोयता काढला आणि नानांना दिला, "घ्या, शेळ्यांना सुबाभूळ तोडा." मुद्दाम. दाजींच्या लक्षात आलं नाही, ते मशीनशी काहीतरी करत होते.

शेवटच्या पिंजऱ्याचं जाळं फाटलं होतं. तिथं पोचल्यावर दाजींनी मशीन बंद केलं आणि नेहमीप्रमाणे पाणी बघत बसले. वर ऊन मी म्हणत होतं. मी उठलो आणि नांगर उचलला.

"थांब," दाजी म्हणाले.

"दाजी, लई झालं आता. ह्ये धरान हाय. दर्या न्हाई."

"तीन मिनिटं जातात, सुनील. काय बिघडतं?"

"तुमचा भाऊ गेला त्यो तुमच्या दर्यात गेला. आमच्या पान्यावर कशाला सुतक ठिवता?"

हो, हेच बोललो. शब्द न् शब्द. दाजींनी फक्त मान खाली घातली. मला त्याचाही राग आला. भांड ना लेका! मी नांगर टाकला. ठोकलं नाही, बघितलं नाही. पाणी असेल चार परस, म्हणजे चार पुरुष खोल, मी दहा परस दोर सोडला. वेटोळी पाण्यावर पसरली. "घ्या," म्हणालो, "आता येऊ द्या तुमच्या देवमाशाला."

पिंजऱ्यातले मासे एरवी सारखे पाणी उडवत असतात. आधी ते थांबले. सगळ्या पिंजऱ्यांत एकदम. मग माझ्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर म्हणा, कोणीतरी श्वास सोडला.

मी म्हशीचं फुसकारणं ऐकलंय, ट्रॅक्टरच्या टायरमधून हवा सुटलेली ऐकलीय. हे तसं नव्हतं. हे लांब होतं, दमलेलं होतं, आणि फार मोठं होतं. वरून बारीक तुषार आले. ओठांवर पडले. सडक्या मासळीचा वास... आणि खारट. मुळेच्या पाण्यात मी लहानपणापासून डुंबतोय, ते पाणी खारट नाही हो!

मी वळून बघितलं तर काही नाही. सपाट पाणी, आणि त्यावर तेलकट, गुळगुळीत गोल. खळ्याएवढा. त्यात एकही लाट नव्हती.

मी मशीनकडं झेपावलो. दाजींनी माझा शर्ट धरला. "हात लावू नको. गप रव." आवाज अगदी हळू. मी त्यांच्याकडं बघितलं तर ते माझ्याकडं बघतच नव्हते, पाण्यावरच्या दोराकडं बघत होते. दोराची वेटोळी एकेक करून सरळ होत चालली होती.

आणि इथं मी ते केलं. उधळलेल्या बैलाचा कासरा सोडला तर बैल गेला, हे मला चालायला यायच्या आधी शिकवलंय. पळता दोर बघितला आणि माझ्या हातानं मला न विचारता तो धरला. धरला आणि पंज्याला दोन पीळ घेतले. दाजी ओरडले, "नांगर सोड! सुनील, नांगर सोड!" तुम्ही हसाल, पण आमच्याकडं नांगर सोडणं म्हणजे काम थांबवून बैल मोकळे करणं, निवांत घरी जाणं. माझ्या डोक्यात खरंच आलं, आत्ता? भर दुपारी? तेवढा एक क्षण गेला आणि दोर ताणला.

होडी नाकावर झुकली आणि निघाली. वारा समोरून होता, मशीन बंद होतं, आणि होडी खोल पाण्याकडं निघाली. माझा हात होडीच्या काठावर दाबला गेला. मी गुरासारखा ओरडत होतो. दाजींचा हात कोयत्याच्या जागेवर गेला. तिथं कोयता नव्हता. त्यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं, ते मी बघितलं.

मग त्यांनी आपली बोटं माझ्या पंज्यात आणि दोरात घातली. आत ढकलून एक पीळ काढला, दुसरा काढला. माझा हात सुटला. त्यांचा नाही सुटला. दोर आणि काठ यांच्यामध्ये त्यांचा उजवा हात राहिला. तो आवाज मी लिहिणार नाही.

होडीत पाणी यायला लागलं होतं. दाजींनी डाव्या हाताची मूठ वळली आणि फळीवर ठोकलं. ठक. थांबले. ठक. थांबले. ठक. आणि अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "हय आसंव रे. जा आता. जा."

दोर सैल पडला.

मी नांगर कसा ओढला, काठाला कसा आलो, काही आठवत नाही. नाना धावत पाण्यात शिरले. कोयता त्यांच्या हातातच होता. मिशीला लागलेलं पाणी चाटलं आणि थुंकले, "खारट कसं काय रं ह्ये?" चार नख्यांचा नांगर होडीत पडला होता. चारही नख्या सरळ झाल्या होत्या, पहारीसारख्या. लोहाराला दाखवला तर तो म्हणाला, ट्रॅक्टरनं ओढला काय?

मी शोधायचं तेवढं शोधलं. कालव्याचं पाणी सोडलं असेल, त्याची ओढ असेल, म्हणून चौकशी केली. आवर्तन बंद होतं. आई म्हणते आसरा. नाना म्हणतात, बोलू नये. एकजण म्हणाला मगर. मगरीच्या श्वासानं अंगावर मीठ पडत नाही. माझा त्या दिवशीचा शर्ट मी धुतलेला नाही, खांद्यावर पांढरे डाग आहेत. याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि कोणी देईल असंही वाटत नाही.

पण मी हे त्यासाठी लिहीत नाहीये.

दवाखान्यात दाजींची उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडणार तोवर दाजी म्हणाले, "दोर मीच सैल सोडला. माझी चूक." ताई समोरच होती. सगळं आवरून झाल्यावर ती त्यांच्यावर अशी तडकली... "जन्म दर्यात गेला तुमचा आणि धरणात हात तोडून घेतलात! लोक काय म्हणतील?" लोक म्हणालेच. टपरीवर अजून म्हणतात. दाजी ऐकून घेतात आणि मी बाजूला बसून चहा पितो. थू माझ्या जिण्यावर!

गेल्या आठवड्यात ताईनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, यांना आता पाण्यावर पाठवायचं नाही, यांना साधा दोर सांभाळता येत नाही. दाजींनी डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडं बघितलं. होडीत बघितलं होतं तसंच. या माणसाला पाण्याशिवाय दुसरं काही येत नाही. दर्या भावापायी सुटला, आणि आता माझ्यापायी हे धरणही सुटणार.

ताई, या ग्रुपवर तू आहेस, रोज रात्री गोष्टी वाचतेस, मला माहीत आहे. तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही म्हणून इथं सांगतोय. दोर मी सैल सोडला होता. कोयता मी काढला होता. पीळ माझ्या हाताला होता. टपरीवरही उद्या मी स्वतः जाऊन सांगणार आहे. आज रात्री मी धरणावरच्या खोलीत आहे, हे वाचून झालं की फोन कर. शिव्या घालायच्या असल्या तरी कर.