डावखुरीशी जोड

मी गाव सोडलं तेव्हा बा मेंढरांना पाणी पाजत होता. डोणीवर वाकलेला, माझ्याकडं पाठ. माझ्या खांद्यावर घोंगडं, घोंगड्यात भाकरी आणि आईनं कुटलेली कारळ्याची चटणी. मी म्हणालो, "बा, येतो." त्यानं मान वर केली नाही. सगळी मेंढरं पिऊन झाली, डोण तळाला गेली, मग तो बोलला, "जातूयास तर जा. पर हितनं फुडं पावना हून ये."

गावाकडच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून पोटामागं गेलेल्या गड्यांनो, हे एवढं वाक्य मी जन्मभर वागवलं. माझं शिक्षण चौथीचं, तेही मेंढरांमागं फिरत फिरत झालेलं. लिहायला बसलो की हात अवघडतो. पण यंदाच्या जत्रेत जे झालं ते दुसऱ्या कुणी लिहिलं तर त्यात चार गोष्टी चुकीच्या घालणार, म्हणून मीच लिहितो.

जतच्या बाजूची आमची वाडी म्हणजे कुसळं, दगड आणि आभाळ. साताऱ्याला आलो तर डोंगर अंगावर आल्यासारखे वाटले. औद्योगिक वसाहतीत भट्टीवर काम लागलं. मेंढरांच्या वासाला सरावलेलं नाक लोखंडाच्या वासानं महिनाभर चोंदलेलं होतं. शेजारी फौजेतून रिटायर झालेले एक सुभेदार राहायचे. त्यांनी कारखान्यामागच्या पडक्या शेडमध्ये वाळूचं पोतं टांगलं होतं आणि पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणालो, "सुभेदार, हे काय भांडण म्हणायचं का खेळ?" ते म्हणाले, "गड्या, भांडणात डोळे मिटतात. यात उघडे ठेवायचे." तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलं. मी स्वतः कधी ग्लोव्ह घातले नाहीत. पण कोणता ठोसा कुठून निघाला, कोणाचा तोंडापुढं धरलेला गार्ड कधी खाली आला, हे मला दिसतं. चहाच्या गाड्यावर माझ्याशी वाद घालून जिंकलेला माणूस साताऱ्यात अजून तरी मला भेटलेला नाही.

दरसाल बिरोबाच्या जत्रेला मी गावी जायचो. आमच्याकडं कुस्त्यांच्या फडात रिवाज असा, की बाहेरगावच्या पाहुण्याला भोंग्यावरून नाव पुकारून फेटा बांधायचा. गावच्या माणसाला फेटा नाही. गावच्या माणसानं माती खणायची, पाणी मारायचं, पंगत वाढायची. आणि दुसरा रिवाज, जोड ठरवताना, म्हणजे कुणाची लढत कुणाशी ते ठरवताना, पाहुण्यानं तोंड उघडायचं नाही. पाहुणा आपल्या माणसाकडं ओढणार, असा त्यातला हिशेब.

मला पहिल्या वर्षीच फेटा बांधला. "साताऱ्याचे पावने, बिरूजी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बा मातीत उभा होता, हातात फावडं. त्यानंही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर बा गेला, आई गेली, फेटे येतच राहिले. गुलाबी, भगवे, मोरपंखी. माझ्या बायकोनं त्यांच्या गोधड्या शिवल्या. आमच्या घरी आलेला माणूस म्हणायचा, काय देखण्या गोधड्या आहेत. मी त्याच अंगावर घेऊन झोपायचो आणि मला ऊब येत नसे.

मग आशी आली. आशी म्हणजे माझा धाकटा भाऊ सिदा, त्याची नात. दहावी झाली आणि तिनं हट्ट धरला, मला बॉक्सिंग शिकायचंय, साताऱ्याला आबांकडं राहते. तिला न्यायला मी गेलो त्या दिवशी सिदा गोठ्यात होता. आता हा काय बोलतो म्हणून मी दाराशीच थांबलो. तो बाहेर आला, पोरीच्या हातात लोकरीचा पट्टा दिला, म्हणाला, "थंडीत कमरंला बांध." बाकी काही नाही. एसटीत मी तिला म्हणालो, "पोरी, तू काय पावनी हूं नगंस." तिला काही कळलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत फुटाणे खात होती.

आज ती राज्याची चॅम्पियन आहे. हे मी हजारदा सांगितलं असेल, अजून सांगणार आहे. पण पदक आलं आणि मागोमाग कुरबुरही आली. कोल्हापूरची एक डावखुरी पोरगी आहे. तिनं आदल्या वर्षी आशीला सरळ हरवलं होतं. यंदा तिचं मनगट दुखावलं, ती उतरलीच नाही, आणि आशी जिंकली. गाड्यावर लोक म्हणू लागले, "डावखुरी नव्हती म्हणून निभावलं." मी त्यांच्याशी भांडलो. घरी येऊन भाकरी मोडताना मात्र मलाच वाटलं, बोलतात ते खोटं नाही.

यंदा गावानं ठरवलं, जत्रेत कुस्तीबरोबर आशीची लढत ठेवायची. सुभेदार म्हणाले, मैत्रीची लढत चालेल, हेल्मेट, पंच, डॉक्टर सगळं मी आणतो, फक्त समोर कोण ते सांगा. झालं. देवळापुढं गाव जमलं. मी, सिदा, सिदाची बायको, आशी, आणि तासगावला बेदाण्याच्या शेडवर कामाला गेलेली आमची पोरं, ती मुद्दाम आलेली. मधे जत्रा कमिटीचा म्होरक्या दौलूनाना. हा आणि मी एका ओढ्यात पोहायला शिकलो. पण मी साताऱ्याला गेल्यापासून त्यानं मला कधी अरे म्हटलं नव्हतं.

दौलूनाना म्हणाला, "कराडची ती बारकी पोरगी आना. आपल्या गावात आपली पोरगी हरली तर तोंड कुटं दावायचं?"

तासगावची पोरं उसळली. "नाना, बारकी कशाला? हरियाणाची आना की. फ्लेक्स लय भारी दिसंल."

"फ्लेक्स दिसंल, आन आशी दवाखान्यात दिसंल," सिदाची बायको म्हणाली.

एक जण म्हणाला हरियाणाच्या पोरी दूध पिऊन लढतात. दुसरा म्हणाला मग आपली काय ताक पिऊन लढते काय. हशा झाला. मी गप्प होतो. रिवाज मला ठाऊक होता. माझ्या मांडीवरचे हात मात्र आपोआप गार्ड धरत होते. कराडची पोरगी ठरते आहे असं दिसल्यावर मी उठलो.

"डावखुरी आना," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दौलूनाना गोड हसला. "पावनं, तुमी च्या घ्या."

"च्या मागनं. कोल्हापूरची डावखुरी आना, मनगट बरं झालंय तिचं. तिला हरवल्याबिगर हिला चॅम्पियन म्हनायला माझी जीभ रेटत न्हाई."

"आवं, सोताच्या नातीला आसं म्हनताय?"

"नात हाय म्हणूनच म्हनतोय."

"पावन्यानं जोडीत बोलायचं नसतं, आवं. रिवाज हाय."

"मी पावना असतो तर कराडचीच मागितली असती," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "पावन्याला काय, टाळ्या वाजवायच्या, जेवायचं आन गाडी धरायची. मागनं लोक म्हनणार, ह्या वाडीनं बारकी जोड लावून पोरगी जितवली. ते ऐकायला पावना हितं नसतो. ते मला साताऱ्यात ऐकायला लागंल, तासगावात ह्या पोरास्नी ऐकायला लागंल. वाडीचं नाव आमीच भाईर घिऊन फिरतोय, नाना."

"आन हरली तर?"

"हरली तर डावखुरीला हरली. त्यात कसली लाज?"

"तुला साताऱ्यात बसून बोलायला काय जातंय? हितं आमी तयारी करायची, आमी राबायचं. ए बिरू, गप बस की जरा."

तासगावच्या पोरांनी एकमेकांना कोपर मारलं. दौलूनानाच्याही ध्यानात आलं आपण काय बोललो ते. पण माघार घेणारा तोही नव्हता. मी बसलो नाही. आम्ही दोघं कोंबड्यांसारखे समोरासमोर उभे. तेवढ्यात आशी मागून म्हणाली, "तुमी दोगं लढताय का मी लढू?" आणि पुढं आली. "मला डावखुरीच पायजे. आबा म्हनत्यात म्हणून न्हवं. तिचा डावा हात मला सपनात दिसतोय."

दौलूनानानं टोपी काढून डोकं खाजवलं. "आना मग डावखुरी," म्हणाला.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी पोचलो तर गावानं एक करामत करून ठेवली होती. बॉक्सिंगला जागा तयार करायची म्हणून त्यांनी आपल्याला येतं ते जीव लावून केलं. लाल माती भुसभुशीत खणली, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळली, चारी बाजूंनी खांब रोवून दोरखंड बांधले. माती अशी मऊ, की गादी. दौलूनाना छाती काढून उभा. आशी बूट घालून आत गेली आणि घोट्यापर्यंत रुतली. सुभेदारांनी कपाळाला हात लावला. "नाना, हे काय केलंत? हलवा बनाया आपने." डावखुरी पोरगी दोराला धरून हसत होती. बॉक्सिंगला पायाखाली टणक लागतं, पाय सरकला पाहिजे, हे गावाला सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मलाही नाही. मी जोडीच्या वादात गुंग होतो.

लढत दुपारची. वाडीतले होते नव्हते तेवढे धुम्मस बाहेर निघाले, जमीन चोपायचे ते जड लाकडी ठोकळे. दौलूनाना घामानं निथळत माझ्याकडं आला. मी पाहुण्यांच्या खुर्चीवर बसलो होतो. त्यानं धुम्मस माझ्या हातात दिला. "धर. डावखुरी तुला पायजे हुती. आता तिच्यासाठी भुई चोप."

मी धोतर खोचलं. एका बाजूला तो, एका बाजूला मी, मधे सिदा. माझी कंबर बोलत होती, पण दौलूच्या आधी थांबायचं नाही हे ठरलेलं. तोही तेच ठरवून चोपत होता. भुई दगड झाली. वरून तासगावच्या पोरांनी मंडपासाठी बेदाण्याच्या शेडवरनं आणलेल्या जाड ताडपत्र्या ताणून बांधल्या. सुभेदारांनी टाच आपटून बघितली आणि मान डोलावली.

मग लढत. पहिल्या राऊंडला डावखुरीनं आशीला नाचवलं. तो डावा हात कुठून येतो ते कळायचंच नाही. दौलूनाना माझ्या कानात म्हणाला, "कराडची आनली असती तर." मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी ओरडलो, "आशे, डावा पाय तिच्या पायाच्या भाईर ठेव. उजवा हात सरळ सोड." दुसऱ्या राऊंडला तिनं पाय बाहेर ठेवला आणि उजवा सरळ बसला. गावाला तेवढंच पुरलं. मंडपभर लोक एका सुरात, "आशे, पाय भाईर. आशे, पाय भाईर." सिदाची बायको, जिनं जन्मात बॉक्सिंग बघितलं नव्हतं, ती पदर खोचून सगळ्यांत मोठ्यानं. तिसऱ्या राऊंडला दोघी दमल्या, तरी एकही मागं सरली नाही. दोरखंड करकरत होते. माझी नखं दौलूच्या दंडात रुतली होती, हे त्यानं नंतर दाखवलं.

तीन पंचांपैकी दोघांनी आशीला दिली, एकानं डावखुरीला. मला विचाराल तर तिसऱ्यानंही द्यायला हवी होती. डावखुरी आशीच्या गळ्यात पडून म्हणाली, "आता माझ्या गावात ये, तिथं बघू." आणि तिथंच दोराशी उभं राहून दौलूनाना म्हणाला, "आता हरियाणाची." मी म्हणालो, "आधी कोल्हापुरात जाऊन डावखुरीला परत हरवू दे, मग हरियाणा." तो म्हणाला तुला काय कळतंय. मी म्हणालो तुझ्यापेक्षा लय कळतंय.

भोंग्यावरून फेट्यांची नावं सुरू झाली. सुभेदार गेले. डावखुरीला बांधला, तिला गुलाबी छान दिसला. पंच गेले, डॉक्टर गेले. मी सवयीनं टोपी काढली, केस सारखे केले, आणि उभा राहिलो. फेटे संपले. माझं नाव आलं नाही. टोपी हातात धरून मी तसाच उभा.

भोंगा परत खरखरला. दौलूनानाचा आवाज. "बिरू कुटं गेला? आरं ए बिरू, ताडपत्र्या गुंडाळायच्या हाईत, वारं सुटलंय."

साताऱ्याला घरी आलो तर बायकोनं पिशवी उलटीपालटी केली. म्हणाली, "फेटा कुठाय? गोधडीला एक पट्टी कमी पडतीय." मी दोन्ही तळवे तिच्यापुढं केले. धुम्मसानं फोड आलेले, एकदोन फुटलेले. ती हळद आणायला आत गेली. मी तसाच हात उघडे ठेवून बसून राहिलो. बा डोणीवर होता तेव्हा त्याचे तळवे मी कधी बघितले नव्हते. असेच असणार.