तंटेबाई आणि जिनिंगची गल्ली

यवतमाळहून येणाऱ्या एसटीतून तंटेबाई कुणाशी तरी भांडल्याशिवाय उतरल्या, असं मी कधी पाहिलं नाही. कधी म्हातारीला उभं ठेवून तरणा पोरगा बसला म्हणून, कधी कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवली म्हणून. एकदा तर गाडी वेळेवर पोचली म्हणून त्या ड्रायव्हरवर चिडल्या होत्या. वाटेत सुरू झालेला वाद त्यामुळे अर्धाच राहिला होता. आणि या बाई दर आठवड्याला दिग्रसला यायच्या कशासाठी? तर आम्हाला भांडणं मिटवायला शिकवायला.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. कोर्टात बरीच वर्षं वकिली करून त्यांनी काळा कोट उतरवला होता. "कोर्टात भांडण जिंकता येते, मिटवता येत नाही," असं त्या म्हणत. मग एका संस्थेच्या मदतीने त्यांनी वस्तीवस्तीत मध्यस्थ तयार करण्याचं शिबिर सुरू केलं. आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीच्या, गल्लीतल्या समाजमंदिरात ते भरायचं. मी तेव्हा हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत होतो. समता, बंधुता वगैरे विषयांवर माझा एवढा हात बसला होता, की शिबिराला मी शिकायला नाही, बाईंना हातभार लावायला जातोय, असाच माझा समज होता. त्यासाठी खादीचा नवा झब्बाही शिवून घेतला होता.

बाईंनी पहिल्याच दिवशी झब्ब्याकडे पाहून विचारलं, "लग्न हाय का कोणाचं?" त्यानंतर त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मी कायमचा 'नागरिकशास्त्र' झालो.

त्यांचा आवडता धडा साधा होता. समोरचा जे बोलला ते आपण त्याला पुन्हा सांगायचं, आणि "हो, मी हेच म्हटलं" असं तो म्हणेपर्यंत सांगत राहायचं. माझ्यासमोर गल्लीच्या खालच्या अंगाला राहणारी सुलोचनाबाई बसली होती. ती म्हणाली, "पाटा घेऊन गेली शेजारीण, आनून देत नाही." मी म्हणालो, "म्हणजे सामुदायिक साधनांच्या वापराबाबत आपल्या मनात असुरक्षितता आहे." सुलोचनाबाईने बाईंकडे पाहिलं. "बाई, हा पाट्याचं काहीच बोलून नाही राह्यला."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून मला माझंच वाक्य जास्त चांगलं वाटत होतं.

"भांडणाले भ्यायचं नाही," बाई सांगायच्या. "भांडते म्हणजे माणूस अजून तुमच्याशी बोलून राह्यला. गप्प बसला की समजा, त्यानं नाद सोडला." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वतःचं म्हणून वापरलं. टाळ्याही मिळाल्या.

ती कापसाची पडती वर्षं होती. भाव चढेल म्हणून लोक कापूस घरात दाबून ठेवायचे आणि धीर सुटला की सगळे एकदमच गाड्या जुंपायचे. मग जिनिंगच्या फाटकापासून गाड्यांची रांग लागे ती आमच्या गल्लीतून थेट नाल्यापर्यंत. माणसं गाडीखाली झोपत, तिथंच तीन दगड मांडून भाकरी भाजत. बैल दारादारांशी बांधलेले. सुलोचनाबाईच्या घराचं दार तर बाहेरून बैलाच्या पाठीला लागायचं, उघडायचंच नाही. एका सकाळी तिने विळा घेतला आणि बैलांचे कासरे कापून टाकले. बैल रामधन नावाच्या, बंजारा तांड्यावरच्या माणसाचे होते. तो काठी घेऊन धावला. खालच्या आळीतले लोक बाहेर आले, रांगेतले गाडीवान उतरले. डोकी फुटायचीच बाकी होती.

नेमका तो बाईंचा दिवस होता. त्यांनी दोन्ही बाजूंना समाजमंदिरात बसवलं आणि मला म्हणाल्या, "चाल नागरिकशास्त्र, मिटव."

मी मिटवलं! गाडीवानांनी दारापासून हातभर अंतर ठेवायचं, शेण उचलायचं, सुलोचनाबाईने कासऱ्यांना हात लावायचा नाही. रामधनने मान हलवली, सुलोचनाबाईनेही. चहा आला. मी घाम पुसला आणि बाईंकडे शाबासकीसाठी पाहिलं.

बाईंनी बशी खाली ठेवली. "मले एक सांगा, रांग खालच्याच आळीतून काहून लागते? फाटकाले वरतूनही रस्ता हाय न?"

जो तो आपल्या बशीत पाहू लागला. शेवटी सुलोचनाबाईच म्हणाली, "वरतून लागली त सरच्या आईचं अंगण खराब होते न बाई."

आमचं घर वरच्या अंगाला. तिथं कचेरीतले, मास्तर, व्यापारी. खाली बौद्ध आळी आणि मजुरांची घरं. वरच्यांनी फाटकावरच्या माणसाकडे कधीकाळी शब्द टाकला होता आणि तेव्हापासून रांग खालूनच लागत होती. ही गोष्ट गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होती. समतेवर तास घेणाऱ्या माणसाला तेवढी ती कधी दिसली नव्हती.

"तुवा भांडण मिटवलं नाही रे," बाई म्हणाल्या, "झाकलं."

मग पुन्हा बसणं झालं. ठरलं ते असं: एक आठवडा रांग खालून, एक आठवडा वरून, गाडीवानांना पाणी दोन्हीकडच्यांनी द्यायचं, आणि बैलांसाठी जिनिंगच्या मागचं मैदान उघडायचं. ते उघडायला मालक तयार होईनात, तेव्हा बाई त्यांच्याशी इतक्या मोठ्याने भांडल्या की जिनिंगची यंत्रं बंद आहेत की काय, असं वाटलं. मैदान उघडलं. वरच्या आळीला समजावायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. सुरुवात घरापासून केली. आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समता शाळेत शिकव तू. माह्या दारात नको आणू."

पहिल्याच दिवशी आमच्या दारात रामधनचीच गाडी आली, आणि त्याच्या बैलाने आईच्या कुंडीतली कोथिंबीर मुळासकट खाल्ली. आई बाहेर आली ती पदर खोचूनच. मी धावत मध्ये पडलो आणि "दोघांनी एकेक करून बोला," म्हणालो. त्यावर दोघंही मलाच बोलले. संध्याकाळी पाहतो, तर रामधन ओट्यावर बसून चहा पितोय आणि आई त्याला त्याच्याच बैलाची तक्रार नव्याने सांगतेय.

तीन हंगाम हे चाललं. कुरबुरी व्हायच्या, पण काठी कुणी उचलली नाही. रांगा दरवर्षी तोकड्या होत गेल्या, ते मात्र आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. चौथ्या वर्षी जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. गल्ली मोकळी, स्वच्छ. जे मागत होतो ते आयतं मिळालं होतं, आणि लोक उगाच दारात उभे राहून नाल्याकडे पाहत होते. आईच एक दिवस म्हणाली, "तो तांड्यावरचा रामधन दिसला नाही रे."

त्या वर्षांत एखादा शेतकरी दिसला नाही की मनात पहिलं काय यायचं, ते कुणी तोंडाने बोलत नसे. मी बाईंना सांगितलं. त्या पिशवी घेऊन उठल्या. "चाला."

सुलोचनाबाई, बाई आणि मी असे निघालो. त्या दिवशी बसमध्ये बाई कुणाशीही भांडल्या नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली. फाट्यावर उतरून तांड्यापर्यंत चालत गेलो. पहिल्याच लिंबाखाली रामधन तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. बैल विकले होते, कापूस सोडून सोयाबीन लावलं होतं.

बाई त्याच्यावर तुटून पडल्या. "जित्ता हायेस त कळवता येत नाही? निरोप द्याले काय झालतं तुले?"

रामधन भांबावून उभा राहिला. "बाई, जित्तं असल्याचा निरोप कोन देते?"

बाई तिथंच मातीत बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मी लगेच घसा खाकरून धीराचे चार शब्द बोलायला सुरुवात केली. सुलोचनाबाईने मला असा चिमटा काढला की शब्द घशातच राहिले.

पुढे आमच्या गल्लीतलं शिबिर बंद झालं. बाईंचं वय झालं, त्या आता घरीच असतात, असं मी धरून चाललो होतो. आपण त्यांचे लाडके शिष्य आहोत, काही झालं तर आपल्याला कळेलच, हेही धरून चाललो होतो. आणि एका दुपारी रामधन दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"सर, याडी गेली," तो म्हणाला. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. त्याची आई तर मी त्याला ओळखायला लागण्याच्या आधीच गेली होती. याडी म्हणजे तंटेबाई, हे मला कळायला वेळ लागला.

"तुमाले कोनी सांगतलं नाही?"

मी नाही म्हणालो. मग त्यानेच सांगितलं. आम्ही तिघं तांड्यावर गेलो होतो त्या दिवसापासून बाई दर आठवड्याला तिथं जात होत्या. तिथल्या बायकांना घेऊन बसत होत्या. आजारी पडल्या तेव्हा त्यांच्यापाशी रामधनची बायको राहायला गेली होती. दवाखान्यात खाटा कमी. शेजारी एका म्हातारीला खाली फरशीवर गादी दिली होती. बाईंनी तापातही नर्सशी भांडण काढलं आणि शेवटी स्वतःच खाटेची बारी ठरवून टाकली. दिवसा ती म्हातारी खाटेवर, रात्री बाई.

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गेल्या तेव्हा कुठं होत्या?"

रामधनने फेट्याच्या टोकाने डोळे पुसले.

"खालीच होती सर. दिवसाची गेली न ते. बारी त्या म्हातारीची होती."