एकशे बारा खोकले

कॅप्टनबद्दल मुद्रितशोधकाला फार थोडं ठाऊक होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. अकरा वर्षं दर शुक्रवारी दुपारी तो त्यांना भेटला, त्यांच्या मतांवर त्याने अकरा वर्षं आपली अब्रू सांभाळली, आणि तरीही त्यांचं खरं नाव त्याला कळलं ते चार ओळींच्या निधनवार्तेतून. ती वार्ता त्याच्याच टेबलावर तपासायला आली होती. वर्तमानपत्रात छापून येण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे त्याचं काम. त्याने नाव वाचलं, वेलांट्या बघितल्या आणि कागद पुढे सरकवणार, तेवढ्यात शेवटची ओळ दिसली : चित्रपटगृहात बत्तीस वर्षे डोअरकीपर. मग त्याने फोटो नीट बघितला. टोपी नसलेला. कपाळ एवढं मोठं असेल असं कधी वाटलं नव्हतं. वार्तेत दोन मुली होत्या, एक जावई होता, एक नात होती, आणि 'उत्तम जलतरणपटू' असंही होतं. यातलं काहीच कॅप्टननी कधी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं. बोलणं व्हायचं ते सिनेमावर, बस्स.

कॅप्टन हे नाव टोपीमुळे पडलेलं. निळी टोपी, पुढे पितळी बिल्ला. त्यांची जागा ठरलेली होती : पडद्याच्या उजव्या अंगाला, बाहेर पडायच्या दाराशी, लाकडी स्टुलावर. पडद्याकडे पाठ, माणसांकडे तोंड. नोकरीवर ठेवताना जुने मालक म्हणाले होते, "पडद्याकडे बघायला लोक आहेत. तू लोकांकडे बघ." हे वाक्य कॅप्टननी असं काही मनावर घेतलं की बत्तीस वर्षांत त्यांनी एकही सिनेमा बघितला नाही. ऐकले मात्र सगळे. आणि एकही सिनेमा न बघितलेल्या या माणसाची सिनेमाबद्दलची मतं इतकी पक्की की समोरचा माणूस आपण काय बघितलं ते विसरून जाई.

ते खोकले मोजत. "सर्दीवाला कुठेही खोकतो," ते म्हणत, "त्याला मी धरतच नाही. कंटाळ्याचा खोकला वेगळा. तो साथीसारखा पसरतो. एकाने सुरुवात केली की दहा जण वाटच बघत असतात." दाराच्या आतल्या बाजूला ते खडूने रेघा मारत, पाच-पाचांचे जुडगे करत, आणि खेळ संपला की बाहीने पुसून टाकत. आकडा तीसच्या आत राहिला तर सिनेमा चालला. साठच्या वर गेला तर दुसरा आठवडा नाही. शंभर ओलांडले तर पोस्टर चिकटवणाऱ्याने खळ बेताचीच लावावी, कारण काढताना त्यालाच त्रास.

मुद्रितशोधकाकडे सिनेमाचं सदर आलं ते अपघातानेच. आधीचे समीक्षक दुसऱ्या गावी गेले. संपादकबाई म्हणाल्या, "तुम्ही रोज दुसऱ्यांच्या चुका काढता. सिनेमाच्याही काढा." नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्या फोनवर बोलायला लागल्या होत्या. घरी बायकोला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली.

"तुम्ही मत देणार? अहो, पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे म्हणून विचारलं तर दोन वर्षं 'तुला आवडेल तो' म्हणताय. त्या खिडकीला अजून चादर लावलीय मी!"

तिचं चुकलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात त्याने एका सिनेमाच्या प्रकाशयोजनेचं कौतुक केलं आणि तो सिनेमा तीन दिवसांत उतरला. बाईंनी बोलावून घेतलं. "असं पुन्हा झालं तर सदर बंद. लोक फोनवरून तारे देतात, तेच छापू."

त्या शुक्रवारी तो चित्रपटगृहाच्या चहाच्या टपरीपाशी पडेल चेहऱ्याने उभा होता. मागून आवाज आला, "प्रकाशयोजनावाले तुम्हीच का?"

"हो."

"लोक काय प्रकाश बघायला येतात? घरी दिवे नाहीत त्यांच्या?" निळी टोपी पुढे आली. "आजचा कसा वाटला?"

"बरा... म्हणजे, तसा ठीक... तुम्हाला?"

"बावीस. सहा आठवडे चालेल. लिहून टाका."

त्याने लिहून टाकलं. सिनेमा सहा आठवडे आणि वर दोन दिवस चालला. तेव्हापासून 'शुक्रवारचा खेळ' या सदराचा अंदाज चुकत नाही अशी गावभर ख्याती झाली. सदराखाली नाव नसे. त्याला ते फार बरं वाटे. सिनेमा तो बघायचा, आकडा कॅप्टन द्यायचे आणि आकड्याला शोभतील अशी वाक्यं तो शोधायचा. आपल्याला स्वतःला काय वाटलं, हा प्रश्न हळूहळू त्याला पडेनासाच झाला.

चहा पिताना कॅप्टन वर्तमानपत्रातलं सिनेमाचं पान उघडत आणि एकेक बातमी सोलून काढत. "हा नट बघा. या भूमिकेने माझं आयुष्य बदललं म्हणतो. मागच्या थंडीतही बदललं होतं. घरचे ओळखतात तरी का याला?" किंवा, "तिसरा भाग येतोय म्हणे! दुसऱ्या भागाला माझ्याकडे सतरा माणसं होती, त्यातली चार झोपायला आली होती. चौघं खोकली नाहीत म्हणून आकडा चांगला आला आणि निर्मात्याचा गैरसमज झाला." झलकींवर त्यांचा खास राग. "अडीच मिनिटांत सगळी गोष्ट सांगतात. मग पुढचे अडीच तास काय, उजळणी?" समीक्षकांना तर ते मोजतच नसत. "साडेतीन तारे! अर्धा तारा कसा तोडतात हो? तुम्ही लोक पडद्याकडे बघता ना, तिथेच फसता. पडदा खोटं बोलतो, प्रूफवाले. घसा खोटं बोलत नाही."

अकरा वर्षं हे असं सुरळीत चाललं. मग तो बाप-लेकीचा सिनेमा आला.

कुणी नावाजलेलं नव्हतं त्यात. बाप आणि लेक एका दिवसात घर रिकामं करतात, एवढीच गोष्ट. खोकी भरतात, भांडतात, जुनी बिलं फाडतात. संध्याकाळी बाप दाराला कुलूप लावतो, किल्ली नव्या मालकाला देणार, तेवढ्यात थांबतो. तीन जिने पुन्हा चढून वर जातो. स्वयंपाकघरातला नळ बंद केला की नाही, ते आठवत नसतं. नळ बंदच असतो. बाप तो थोडा उघडतो, पाण्याखाली बोट धरतो आणि पुन्हा बंद करतो. संपलं.

मुद्रितशोधक चौथ्या रांगेत बसला होता. दिवे लागले तेव्हा त्याचा चष्मा धुरकटला होता आणि पुसायला रुमाल सापडत नव्हता.

"एकशे बारा," दाराशी कॅप्टननी जाहीर केलं. "पार आडवा. त्यातले पन्नास तर शेवटच्या दहा मिनिटांत. मधे उठून मात्र कुणी गेलं नाही. आळशी असतात हल्लीचे लोक." मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "डोळ्यांना काय झालं?"

"धूळ गेली."

"झाडून घ्यायला सांगतो," कॅप्टन म्हणाले आणि बाहीने रेघा पुसायला लागले.

शनिवारी तो कागद घेऊन बसला. 'संथ' हा शब्द लिहिला, खोडला. 'प्रेक्षकांच्या सहनशक्तीचा' एवढं लिहून थांबला. सदर टिकवायचं तर पुढचे शब्द ठरलेलेच होते, आकडाही हातात होता. बायको आत-बाहेर करत होती. चौथ्या फेरीला ती म्हणाली, "एवढा वेळ काय चाललंय? एरवी तर अर्ध्या तासात उरकता."

त्याने तिला नळाची गोष्ट सांगितली. सांगताना पुन्हा चष्मा पुसावा लागला. तिने खोडलेला कागद उचलून बघितला. म्हणाली, "मग हेच लिहा की."

"आणि सिनेमा पडला तर?"

"तर पडला. तुम्ही थोडेच ढकललात?"

त्याने नळाबद्दल लिहिलं. सगळं. बोट पाण्याखाली धरलं त्यासकट. रविवारी ते छापून आलं आणि सोमवारपासून फोन सुरू झाले. झोप लागली, वेळ फुकट गेला, तुमचा माणूस आजारी आहे काय. मंगळवारी बाईंनी बोलावलं.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा अंदाज चुकला तुमचा."

"अंदाज नव्हता तो." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "मला आवडला म्हणून लिहिलं."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. सदर गेलं, असं त्याने मनाशी धरलंच. "आवडला असेल तर खाली नाव घाला," त्या म्हणाल्या. "लोकांना शिव्या द्यायला माणूस तरी हवा. पुढच्या रविवारपासून नावासकट. जमतंय का बघा, नाहीतर तारे छापू."

बुधवारी तो चित्रपटगृहावर गेला, तो मात्र बिचकतच. बाईंपेक्षा त्याला कॅप्टनची भीती जास्त होती. कॅप्टन चहा पीत होते. त्यांनी त्याला चहा सांगितला नाही.

"मला आकडा विचारता कशाला मग?"

"आकडा बरोबरच होता, कॅप्टन."

"तर! एकशे बारा खोकले चूक आणि एकटे तुम्ही बरोबर?"

"मी बरोबर आहे असं कुठे म्हणतोय? मला जे झालं ते लिहिलं."

"काय झालं?"

"डोळ्यांत गेलेली धूळ नव्हती ती."

कॅप्टननी पेला खाली ठेवला. टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "उद्या दुपारी त्याचा शेवटचा खेळ आहे. टॉर्च धरता येते?"

गुरुवारी दुपारी मुद्रितशोधक कॅप्टनच्या स्टुलावर बसला, हातात टॉर्च आणि खडू. कॅप्टन सहाव्या रांगेत मधोमध बसले. सगळ्या मिळून नऊ खुर्च्या भरलेल्या. बाकीच्या आठांवर त्याचं लक्षच नव्हतं. पडद्याचा उजेड कॅप्टनच्या तोंडावर पडत होता आणि ते एखाद्या नव्या गावात उतरल्यासारखे कधी वर, कधी बाजूला बघत होते. एवढा मोठा पडदा आपल्या पाठीमागे होता, याचाच त्यांना अचंबा वाटत असावा. मध्यंतरात ते जागचे हलले नाहीत. शेवटी मागून जिने चढण्याचे आवाज आले, मग नळाचा. मुद्रितशोधकाने वळून बघितलं नाही. त्याने माणसाकडे बघितलं आणि रेघा मारल्या.

दिवे लागले. कॅप्टन दाराशी आले. टोपी जास्तच पुढे ओढलेली.

"किती?"

"सात."

"एकूण सात? बघा, शेवटच्या खेळाला येणारे लोक—"

"एकूण नाही. तुमचे."

"माझे?" ते भडकलेच. "बत्तीस वर्षांत मी हॉलमध्ये खोकलेलो नाही!"

"सात, कॅप्टन. दोन मध्यंतराआधी. पाच नळापाशी."

कॅप्टन वाकून रेघांकडे बघत राहिले. एकेका रेघेवर बोट ठेवून त्यांनी स्वतः मोजलं. "पण कंटाळा कुठे आला होता मला?" ते म्हणाले. "इथे काहीतरी अडकलं होतं." त्यांनी गळ्याला हात लावला आणि तो तिथेच राहिला. मुद्रितशोधकाने खडू खिशात टाकला. काही गोष्टी दुसऱ्याने बोलू नयेत एवढं त्याला कळत होतं.

"मधे उठून कुणी गेलं नव्हतं," कॅप्टन स्वतःशीच म्हणाले. "एकशे बारा खोकले आणि उठलं कुणी नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं." मग ते ताठ उभे राहिले. त्यांची ऐट जाऊन परत यायला मिनिटभरही लागलं नाही. "ठीक आहे. खोकले दोन प्रकारचे असतात. पद्धत चुकीची नाही, खाना एकच होता. आता दोन पाडू. डावीकडे कंटाळा, उजवीकडे हे."

"'हे' म्हणजे काय? नाव काय द्यायचं?"

"नाव कशाला? आपल्या दोघांना कळतंय ना?"

सिनेमा ठरल्याप्रमाणे शुक्रवारी उतरला. त्याला कुणी वाचवलं नाही. सदर मात्र नावासकट चालू राहिलं. त्याचे अंदाज आता कधी बरोबर येत, कधी सपशेल चुकत. शिव्यांची पत्रं आली की बायको ती मोठ्याने वाचून दाखवी आणि पत्रातल्या चुका त्याला काढायला लावी.

असे तीन महिने गेले. चौथ्या महिन्यातल्या एका शुक्रवारी खेळ संपला आणि दोघं नेहमीसारखे दाराशी उभे होते. पुढच्या मंगळवारी ती चार ओळींची वार्ता टेबलावर येणार होती, पण त्या दुपारी कॅप्टन ठणठणीत होते आणि एका नटावर जाम उखडलेले होते.

"कसा वाटला?" त्यांनी विचारलं. हल्ली आधी तेच विचारत.

"मध्यंतरापर्यंत छान. मग लेखकाला घाई झाली."

"डावीकडे एक्केचाळीस, उजवीकडे तीन. आज जमलं आपलं." त्यांनी रेघा पुसायला बाही वर केली आणि थांबले. "लांबून दोन्ही खाने सारखेच दिसतात हो. पुढच्या वेळी येताना रंगीत खडू आणा. उजवीकडच्यासाठी."

"आणतो. कुठला रंग?"

"तुम्हीच सांगा."

"पिवळा," मुद्रितशोधक म्हणाला.